दलाल नसलेल्या गाड्या रिपोर्टात दिसत नाहीत (पॅरामीटर आणि नल)

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ११.४०

राम राम मंडळी.

तालुक्यातल्या एका जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायचा कारखाना) आवकीचं सॉफ्टवेअर मी एकटा सांभाळतो. भाषा सी शार्प, खाली डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१४. आधीचा प्रोग्रॅम व्हीबी सिक्समधला होता, तो मागच्या उन्हाळ्यात मी नव्याने लिहिला. आता सीझन लागलाय, गेटबाहेर गाड्यांची रांग लागलीय, आणि माझी फजिती चाललीय.

गाडी आली की भरलेलं वजन, खाली झाल्यावर रिकामं वजन, ओलावा, भाव, आणि गाडी कोणत्या दलालामार्फत आली ते लिहायचं. शेतकरी थेट आला असेल तर दलालाचा रकाना रिकामा, म्हणजे नल. संध्याकाळी शेठजींना हिशोब लागतो: अमक्या दलालाच्या गाड्या किती, थेट किती.

डेटाबेसला विचारायची क्वेरी अशी (कोडही देवनागरीत लिहितोय, हसू नका):

सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर दलाल_क्र = @दलाल

दलाल निवडला की त्याचा नंबर @दलाल या पॅरामीटरमध्ये जातो आणि रिपोर्ट बरोब्बर. 'थेट शेतकरी' निवडलं की @दलाल मध्ये मी नल पाठवतो. आधी तर एररच यायची, क्वेरीला @दलाल हा पॅरामीटर हवा होता पण तो दिलाच नाही, अशा अर्थाची. अरे, दिलाय की! मग कुठंतरी वाचून डीबीनल डॉट व्हॅल्यू पाठवलं. एरर गेली, पण रिपोर्ट कोरा. टेबल उघडून पाहिलं तर कालच्या तारखेला दलालाचा रकाना रिकामा असलेल्या ४३ गाड्या आहेत. यार्डात ढीग दिसतोय आणि स्क्रीनवर शून्य. शेठजी म्हणे, "तुना कॉम्प्युटरले जरा यार्डमा धाड."

गंमत म्हणजे जुन्या प्रोग्रॅमात हाच रिपोर्ट सुरळीत निघायचा. कोणी सांगेल का काय होतंय?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | सोमवार, रात्री ११.५२

एवढंच ना भो? दलालांच्या टेबलात ० नंबरचा 'थेट' नावाचा दलाल टाक. रकाना रिकामा ठेवूच नको. आमच्या हार्डवेअरच्या दुकानाचं सॉफ्टवेअर मी असंच चालवतोय, नलचं तोंड पाहिलेलं नाही.

कांदेबाग | मंगळवार, सकाळी ७.१५

गिरणाकाठ, तुमच्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि एकापाठोपाठ आल्यामुळे एकच वाटतायत.

पहिली सी शार्पची. सी शार्पचा नल पॅरामीटरला दिला की ती लायब्ररी समजते, या पॅरामीटरला अजून किंमत दिलेलीच नाही. मग तो सर्व्हरकडे जातच नाही आणि सर्व्हर ओरडतो. 'डेटाबेसचा नल पाठव' हे सांगायला डीबीनल डॉट व्हॅल्यू. तिथवर तुम्ही पोचलात.

दुसरी खरी. डेटाबेसमध्ये नल हे मूल्य नाही. मूल्य नसल्याची ती खूण आहे. दोन झाकलेल्या पाट्या समोर ठेवल्या. पहिलीत काय आहे ठाऊक नाही, दुसरीतही ठाऊक नाही. दोन्हींत एकच माल आहे का? 'हो' म्हणता येत नाही, 'नाही' पण म्हणता येत नाही. एसक्यूएलमध्ये म्हणूनच तीन उत्तरं असतात: खरं, खोटं आणि अज्ञात. नल = नल याचं उत्तर अज्ञात. आणि व्हेअर फक्त 'खरं' वाल्या ओळी आत घेतो, बाकी दोन्हींना दारातून परत पाठवतो. एरर येत नाही ती यामुळेच, सर्व्हरच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. नल शोधायचा तर = नाही, 'इज नल' लिहावं लागतं.

आता पॅरामीटरकडे या. छापील पावतीपुस्तक डोळ्यांसमोर आणा. छापलेला मजकूर ठरलेला, मध्ये रिकाम्या जागा. नाव लिहा, रक्कम लिहा, काहीही लिहा, पण रिकाम्या जागेत लिहून तुम्ही 'जमा' चं 'नावे' करू शकत नाही. पॅरामीटर ही रिकामी जागा आहे. = च्या जागी इज आणणं म्हणजे छापील मजकूर बदलणं. ते पॅरामीटरच्या हातात नाही, आणि नाही हेच बरं. बाहेरून आलेल्या मजकुराला क्वेरीचा सांगाडा मोडता येऊ नये, म्हणून तर आपण पॅरामीटर वापरतो.

'इज @दलाल' असं लिहून पाहायचा मोह होईल. तुमच्या सर्व्हरवर ती व्याकरणाची चूक ठरेल, इज नंतर नल हा शब्दच लिहावा लागतो. (एसक्यूलाईट मात्र ते खुशाल चालवून घेतं, त्यामुळे मोबाईल ॲपवाले इथं येऊन ठेचकाळतात.)

तेव्हा दोन्ही शक्यता छापील मजकुरातच लिहून ठेवा:

व्हेअर (दलाल_क्र = @दलाल ऑर (दलाल_क्र इज नल अँड @दलाल इज नल))

बाहेरचा कंस विसरू नका. पुढे अँड तारीख = @तारीख येणार असेल आणि कंस नसेल, तर ऑरच्या एका बाजूला तारखेची अट लागणारच नाही आणि साऱ्या सीझनच्या गाड्या वर येतील.

जुन्या प्रोग्रॅमबद्दल: तिथं स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेली क्वेरी) होती का?

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ८.३०

कांदेबाग यांनी पाट्या सांगितल्या, मला मात्र नल म्हटलं की दमयंतीचं स्वयंवर आठवतं. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम चौघेही नलाचं रूप घेऊन मंडपात बसले. समोर पाच नल, तंतोतंत सारखे दिसणारे. बिचारी दमयंती बरोबरीचं चिन्ह लावून बघत बसली असती तर माळ हातातच सुकली असती. तिनं काय केलं? खुणा पाहिल्या. कोणाला घाम येतो, कोणाची पापणी लवते, कोणाची सावली पडते. 'इज' म्हणजे हेच की नाही?

कांदेबाग | मंगळवार, सकाळी ८.४१

मास्तर, हे मी आमच्या ट्रेनिंगला वापरणार. परवानगी गृहीत धरतो.

गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ९.०५

कांदेबाग दादा, ४३ च्या ४३ गाड्या दिसल्या! हो, जुन्यात स्टोअर्ड प्रोसिजरच होती. मी नव्यात क्वेरी कोडमध्ये घेतल्या.

कांदेबाग | मंगळवार, सकाळी ९.२०

मग उलगडलं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अन्सी नल्स नावाचं सेटिंग आहे. ते ऑफ असलं की रकाना = नल ही तुलना 'खरं' ठरते. प्रोसिजर बनवताना जे सेटिंग असेल ते तिला कायमचं चिकटतं, म्हणून जुनी प्रोसिजर इतकी वर्षं चालली. तुमचं नवं कनेक्शन ते ऑनच ठेवतं. आता कोणी म्हणेल, ऑफ करून टाका. करू नका. मायक्रोसॉफ्टने ते मोडीत काढायच्या यादीत टाकलंय. शिवाय दोन्ही बाजूंना रकानेच असतील, म्हणजे दोन टेबलांचा जॉइन असेल, तर ऑफ असूनही नल जुळत नाहीत. अर्धवट खोटं बोलणारं सेटिंग आहे ते.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, दुपारी १.१०

जावावाल्यांचं दुःख वेगळं. पॅरामीटरमध्ये आकडा भरणाऱ्या सेटइंट ला साधा इंट लागतो. तुमच्या हातात इंटिजर ऑब्जेक्ट आहे आणि तो नल निघाला, तर क्वेरी सर्व्हरपर्यंत पोचायच्या आधीच नल पॉइंटरचा फटाका. तिथं सेटनल वापरायचं आणि सोबत रकान्याचा प्रकार सांगायचा.

पण आत घालताना निदान आवाज तरी होतो. बाहेर काढताना सगळं चिडीचूप. रकान्यातला आकडा वाचणाऱ्या गेटइंट ला नल मिळाला की तो ० देतो. खरंच शून्य होतं की नल, हे कळायला लगेच वॉजनल विचारावं लागतं, आणि ते कोणी विचारत नाही. आम्ही ठिबकच्या प्रोजेक्टसाठी शेतातल्या तापमानाची नोंद घेत होतो. लोडशेडिंग झालं की सेन्सर बंद, रकान्यात नल. ग्राफवाल्या पोराने गेटइंट लावलेलं. मे महिना, दुपारी दोनची वेळ, आणि भुसावळचं तापमान शून्य अंश! साहेब म्हणाले, आपण सगळेच तिकडे बदली मागू.

पोस्टग्रेस डेटाबेसवर असाल तर आणखी एक. नुसतं '? इज नल' लिहिलं तर तो या पॅरामीटरचा प्रकार ठरवता येत नाही म्हणून अडून बसतो. बरोबर आहे त्याचं, नलवर तारीख की आकडा असं कुठं लिहिलेलं असतं? कास्ट करून सांगावं लागतं.

कांदेबाग | मंगळवार, दुपारी १.३०

प्रकार सांगायचं एसक्यूएल सर्व्हरलाही लागू आहे. सी शार्पमध्ये पॅरामीटर जोडणाऱ्या ॲडविथव्हॅल्यू ला नुसता डीबीनल दिला की तो एनव्हारचार, म्हणजे मजकूर, समजून पाठवतो. आकड्यांच्या रकान्याला बहुतेक चालून जातं, पण पावतीचा फोटो व्हारबायनरीत साठवत असाल आणि एखाद्या गाडीला फोटो नसेल, तर रूपांतर होत नाही म्हणून एरर येईल. पॅरामीटर बनवतानाच प्रकार लिहायची सवय ठेवा.

गिरणाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६.२५

पुन्हा मीच. थेटचा रिपोर्ट सुरू झाला आणि 'सर्व' चा बिघडला. आमच्या यादीत वरती 'सर्व' असा पर्याय आहे. तो निवडला की मी @दलाल मध्ये नल पाठवायचो आणि दलालाची अटच काढलेली वेगळी क्वेरी चालवायचो. आता म्हटलं एकाच क्वेरीत बसवू. तर 'सर्व' निवडलं तरी थेटच्या ४३ च दिसतात. शेठजी आता माझ्याकडे बघतच नाहीत, थेट मुनीमजींची वही मागवतात.

अमळनेरचा_अभि | मंगळवार, सायंकाळी ७.००

क्वेरीची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, जोडा ना सरळ! दलाल असेल तर " दलाल_क्र = " + नंबर, नसेल तर " दलाल_क्र इज नल ", सर्व असेल तर काहीच नाही. पाच मिनिटांचं काम. नंबरच तर आहे, त्यात कोण काय घुसवणार?

कांदेबाग | मंगळवार, रात्री ९.४५

अभि, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं महाग पडेल असं.

कोणती अट लावायची हे कोडमध्ये ठरवून क्वेरीचा मजकूर जोडणं यात गैर काहीच नाही. ते तुकडे आपण स्वतः लिहिलेले, ठरलेले असतात. दलाल निवडलाय तर 'अँड दलाल_क्र = @दलाल' हा तुकडा जोडा आणि पॅरामीटरही जोडा. थेट असेल तर 'अँड दलाल_क्र इज नल' जोडा, पॅरामीटर नको. सर्व असेल तर काहीच जोडू नका. इथवर मी तुमच्यासोबत. पण '+ नंबर' नको. सांगाडा जोडायचा, मूल्य नाही. आज नंबर आहे. उद्या कोणीतरी दलालाचं नाव शोधायची सोय मागतो, आणि तीच ओळ कॉपी होते.

आता गिरणाकाठ, मूळ दुखणं. तुमच्या स्क्रीनवर एकच नल दोन गोष्टी सांगतोय. एकदा 'मला दलालाची पर्वा नाही, सगळ्या गाड्या दे' आणि एकदा 'ज्यांना दलाल नाही त्याच दे'. ही दोन टोकं आहेत. क्वेरीने कसं ओळखायचं? 'सर्व' साठी वेगळा पॅरामीटर घ्या:

व्हेअर (@सर्व = १ ऑर दलाल_क्र = @दलाल ऑर (दलाल_क्र इज नल अँड @दलाल इज नल))

दुसरीकडे कुठं फिल्टर ऐच्छिक असेल आणि रकान्यात नल कधीच नसेल, उदाहरणार्थ तारीख, तर '(@तारीख इज नल ऑर तारीख = @तारीख)' एवढं पुरतं. तिथं नल म्हणजे फक्त 'अट नको'.

अशा सर्वसमावेशक क्वेरीला एक व्याधी असते. सर्व्हर पहिल्यांदा आलेल्या पॅरामीटरवरून योजना आखतो आणि तीच पुन्हा वापरतो. पहिल्यांदा 'सर्व' आलं तर अख्खं टेबल चाळायची योजना, आणि मग एका दलालाच्या चार गाड्यांसाठीही तो अख्खं टेबल चाळत बसतो. शेवटी ऑप्शन रिकंपाईल लावलं की दर वेळी नवी योजना. दिवसातून दहा वेळा निघणाऱ्या रिपोर्टला त्याचा खर्च जाणवतही नाही. काट्यावर सेकंदा-सेकंदाला चालणाऱ्या क्वेरीला मात्र लावू नका, तिथं तुकडे जोडण्याची पद्धत चांगली.

आणि कोणी 'इजनल(दलाल_क्र, -१) = इजनल(@दलाल, -१)' सुचवेल. दिसायला आटोपशीर आहे, पण रकाना फंक्शनमध्ये गुंडाळला की त्याच्यावरचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) कामातून गेला. आणि ज्या दिवशी कोणी -१ नंबरचा दलाल घालेल त्या दिवशी मजा.

नंदुरबारची_मिरची | बुधवार, सकाळी १०.१०

मायएसक्यूएलवाल्यांसाठी: तिकडे <=> हे चिन्ह आहे, नललाही बरोबर धरतं, पॅरामीटरसोबत थेट चालतं. पोस्टग्रेसमध्ये तेच काम 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' करतं, लांबलचक पण स्वच्छ. एसक्यूएल सर्व्हरला ते २०२२ च्या आवृत्तीत मिळालं, म्हणजे गिरणाकाठ भाऊंना नाही. ओरॅकलचं तर बोलायलाच नको, तिथं रिकामी स्ट्रिंगच नल होते.

माझा अनुभव मात्र स्ट्रिंगचाच आहे. मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे पीएचपीत काम केलं. ओली मिरची येते तेव्हाचं वजन लगेच भरतात. मग माल पथारीवर वाळत पडतो, आणि सुकं वजन बऱ्याच दिवसांनी. तोवर तो रकाना रिकामा हवा. पण ब्राउझरच्या फॉर्ममधलं रिकामं खोकं नल पाठवत नाही, रिकामी स्ट्रिंग पाठवतं. आमचं मायएसक्यूएल जुनं, स्ट्रिक्ट मोड बंद. त्याने निमूटपणे त्या रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य केलं. पथारीवर लालभडक मिरची पसरलेली आणि हिशोबात शंभर टक्के घट! व्यापाऱ्याला वाटलं, रात्री माल चोरीला जातोय. दोन रात्री माणूस बसवला पहाऱ्याला.

तेव्हापासून नियम: फॉर्ममधून आलेली रिकामी स्ट्रिंग दारातच नल करायची, मगच आत.

आणि एक, अवतरण चिन्हात 'नल' लिहून पाठवणारे महाभाग असतात. मग गावाच्या रकान्यात खरोखर 'नल' नावाचं गाव वसतं.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | बुधवार, दुपारी १२.३०

हे सगळं रामायण वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. ० नंबरचा दलाल टाका, इज नाही, ऑर नाही, रिकंपाईल नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

गाठ_१७० | बुधवार, दुपारी ३.४०

मी प्रोग्रॅमर नाही, जिनिंगच्या अकाउंटला आहे, पण शून्य टाका म्हणणाऱ्यांना एक सांगतो.

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत कपात, त्याच्या वर माल घेत नाहीत. खाजगीतही साधारण त्याच धर्तीवर हिशोब करतात. आमच्याकडे सूत्र होतं: वजन * भाव * (१ - (ओलावा - ८) / १००). समजा भाव ७,००० आणि तीन गाड्या. २० क्विंटल, ओलावा १० : १,३७,२००. १५ क्विंटल, ओलावा ८ : १,०५,०००. तिसरी २५ क्विंटल, पण मीटरची बॅटरी गेलेली, ओलावा भरलाच नाही.

शून्य भरलं असतं तर सूत्राने ८ टक्के बक्षीस दिलं असतं, १,८९,०००. एकूण सरासरी ओलावा ६ दिसला असता. इतका सुका कापूस खान्देशात एप्रिलमध्येही बघायला मिळत नाही.

नल ठेवलं तर? त्या गाडीची रक्कमच नल झाली. आणि सम ने ती गपचूप गाळून बेरीज २,४२,२०० दाखवली. २५ क्विंटल कापूस ढिगात, शेतकरी ऑफिसच्या बाकावर, आणि देण्याच्या यादीत त्याचा पत्ता नाही. सर्व्हर म्हणे एक सूचना देतो, बेरजेत नल वगळला अशी. ती कुठं छापून येते ते मला आजवर दिसलेलं नाही.

कांदेबाग | बुधवार, रात्री १०.२०

गाठ_१७०, तुम्ही प्रोग्रॅमर नाही हे बरंच आहे, नाहीतर आमची पोटं कशी भरणार.

ती सूचना कनेक्शनवर मेसेज म्हणून येते आणि बहुतेक प्रोग्रॅम ती ऐकतच नाहीत. बेरजेशेजारी दोन आकडे काढा: काउंट(*) म्हणजे एकूण गाड्या, आणि काउंट(रक्कम) म्हणजे रक्कम निघालेल्या गाड्या. दुसरा नल मोजत नाही. दोन्हींत फरक दिसला की पेमेंट शीट छापायचीच नाही.

शेवभाजी भाऊ, तुमच्या पहिल्या प्रतिसादाकडे खरंच दुर्लक्ष झालं आणि चूक माझी. आज गाडीत बसल्यावर लक्षात आलं. ओलावा न मोजणं आणि दलाल नसणं या एक गोष्टी नाहीत. ओलावा 'माहीत नाही'. तिथं नलच पाहिजे, शून्य म्हणजे खोटं बोलणं. पण थेट आलेल्या शेतकऱ्याचं आपल्याला पक्कं माहीत आहे की दलाल नाही. ती माहिती आहे. माहितीला नलच्या डब्यात कशाला कोंबायचं? 'थेट' अशी नोंद दलालांच्या टेबलात असली तर ते लबाडीचं शून्य ठरत नाही.

गिरणाकाठ | बुधवार, रात्री १०.५०

आमची आजी अहिराणीच बोलायची. घरात साखर संपली असेल तर "नई शे", आणि डबा बघितला नसेल तर "माले माहीत नई". दोन्हीला एकच उत्तर कधी दिलं नाही तिनं. माझ्या टेबलात मी दोन्ही एकाच रकान्यात कोंबलंय, हे आता वाचताना डोक्यात आलं. उद्या एक गोष्ट तपासतो.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ८.००

हे भांडण नवं नाही हो. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या कॉडसाहेबांनी (मूळ लेख १९७० चा) १९८५ मध्ये जे बारा नियम सांगितले, त्यातला तिसरा नलचाच: माहिती नसणं किंवा लागू नसणं दाखवायची एक पद्धतशीर सोय हवी, आणि ती शून्याहून व रिकाम्या मजकुराहून वेगळी हवी. त्यांचेच सहकारी डेट यांनी पुढे जन्मभर नलला विरोध केला. कॉड तर नंतर म्हणाले, 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' यांच्या दोन वेगळ्या खुणा कराव्यात. म्हणजे गिरणाकाठच्या आजीच्या बाजूने! एसक्यूएलमध्ये मात्र खूण एकच राहिली.

अमळनेरचा_अभि | गुरुवार, सकाळी ११.१५

या धाग्यामुळे माझी दोन महिन्यांची एक अडचण सुटली. 'ज्यांचं बिल निघालं नाही असे शेतकरी' ही यादी नॉट इन ने काढत होतो, यादी कायम रिकामी. बिलाच्या टेबलात एका ओळीत शेतकरी_क्र नल होता. एकाच! त्या एकाने अख्खी यादी गिळली. नॉट एक्झिस्ट्स केलं, २१२ नावं आली. मूल्यं पण आता पॅरामीटरने पाठवतोय, कांदेबाग सर.

नंदुरबारची_मिरची | गुरुवार, दुपारी १२.००

अभि, २१२ शेतकरी दोन महिने गप्प बसले?

अमळनेरचा_अभि | गुरुवार, दुपारी १२.०४

टेस्टिंगचा डेटा आहे ताई, घाबरवू नका.

गिरणाकाठ | शुक्रवार, रात्री ९.३०

तपासलं. ४३ गाड्यांपैकी थेट आलेल्या ३९ च होत्या. बाकी ४ रात्रपाळीत आल्या, दलालाच्याच होत्या. काट्यावरच्या पोराने नाव भरायचं राहू दिलं आणि माझ्या स्क्रीनने त्याला अडवलं नाही. मुनीमजींच्या वहीत ३९ आणि माझ्या रिपोर्टात ४३, म्हणून शेठजी वहीच मागवत होते. माझी क्वेरी सुधारली त्या दिवशी मी उलट जास्त ठासून चुकीचं सांगत होतो. त्या दलालाची चार गाड्यांची दलाली पण राहिली होती, तो आज सकाळी येऊन बसला होता.

केलं ते असं: दलालांच्या टेबलात 'थेट' ही नोंद टाकली (शेवभाजी भाऊ, तुमचीच). दलाल_क्र नल राहू शकतो, पण त्याचा अर्थ आता एकच, 'भरायचं राहिलंय'. अशा गाड्या रिपोर्टात वर लाल रंगात येतात आणि त्या भरल्याशिवाय दिवस बंद होत नाही. ओलाव्याला नल तसाच ठेवलाय, पेमेंट शीटवर काउंटचे दोन आकडे टाकले. 'सर्व' साठी वेगळा पॅरामीटर. जुन्या ओळींमधला कुठला नल 'थेट' आणि कुठला 'राहिलेला' हे मात्र मुनीमजींच्या वह्यांवरूनच ठरवावं लागतंय, रोज रात्री दोन तास.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | शुक्रवार, रात्री ९.३३

धन्यवाद. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

गाठ_१७० | शुक्रवार, रात्री १०.००

रविवारी शिवारात भरीत आहे, पऱ्हाटीवर भाजलेलं, कळण्याच्या भाकरीसोबत. जवळपासच्यांनी या. किती जण ते आधी कळवा. न कळवणाऱ्याला शून्य धरणार आहे, नल नाही.

गिरणाकाठ | शुक्रवार, रात्री १०.१८

माझं एक धरा. आणि जाता जाता एक शेवटचं विचारतो. शेतकऱ्यांच्या टेबलात मोबाईल नंबरला युनिक लावलंय. मोबाईल नसलेला पहिला शेतकरी सेव्ह झाला, दुसऱ्याला 'हा नंबर आधीच आहे' म्हणतंय. नल नलच्या बरोबर नसतो ना? मग हे काय?

कांदेबाग | शुक्रवार, रात्री १०.४०

एसक्यूएल सर्व्हर युनिकमध्ये एकच नल चालवून घेतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल कितीही घेतात. युनिकची अट काढा आणि फिल्टर लावलेला युनिक इंडेक्स करा, व्हेअर मोबाईल इज नॉट नल. तुमच्या २०१४ वर चालेल.

माझी दोन माणसं धरा, मृगबागेच्या केळीची कटणी आटोपून दुपारपर्यंत पोचतो.